सोवळ्यातली पावडर

आमच्या कारखान्यात जी वस्तू तयार होते ती काळी कुळकुळीत असते, तिला वास नसतो, आणि तिच्याविषयी भाषण करणारे सगळे पांढरे शर्ट घालून येतात. तिच्यात रोज हात घालणाऱ्यांना भाषण करायला कुणी बोलावत नाही. हे दोन वर्ग एकमेकांपासून लांब राहिले तर बॅटरी होते. एकत्र आले तर काय होतं, तेच सांगायला बसलो आहे.

मी मूळचा रंगवाला. भिंतीला आणि लोखंडाला लावायच्या रंगात जी पूड असते ती बनवण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं, तेही तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे वारा कुठून येतोय हे नाकाला कळतं आणि कुणाच्या कारखान्यावरून येतोय हेही. निवृत्तीनंतर माणसाने नातवंडं, कुंड्या किंवा अध्यात्म यांपैकी एक काहीतरी धरावं अशी नवीन पनवेलात रीत आहे. माझी नातवंडं परदेशात आहेत, कुंड्या माझ्या हातून वाळतात आणि अध्यात्मातली माणसं फार बोलतात. म्हणून त्याच वसाहतीतल्या एका नव्या बॅटरी कंपनीत सल्लागार झालो. सल्लागार म्हणजे ज्याचं म्हणणं ऐकून घेतात असा माणूस. ऐकत नाहीत, ऐकून घेतात. हा फरक मराठीत फार नेटका दाखवता येतो.

कंपनीचं नाव सांगत नाही. हल्लीच्या नव्या कंपन्यांच्या नावांसारखंच आहे: पुढचं अर्धं उपनिषदातलं, मागचं अर्धं वीजमंडळातलं. मालक अनीश, वयाने माझ्या मुलाएवढा, परदेशातून शिकून आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "लेले सर, इथे हायरार्की नाही. मला नुसतं अनीश म्हणा." सगळे त्याला अनीशसाहेब म्हणतात. तो हुशार नाही असं मी म्हणणार नाही. पण बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा बॅटरीविषयीची बातमी साठवण्याकडे त्याचा ओढा जास्त.

आता धंदा समजून घ्या. फराळाचं ताट समोर असेल तर बरं, कारण उदाहरण त्यातलंच देणार आहे.

तुमच्या मोबाइलमधली बॅटरी लिथियमची. लिथियम जगात थोडं, आपल्याकडे त्याहून थोडं, म्हणून बाहेरून आणावं लागतं. सोडियम हा त्याच घराण्यातला, पण अंगाने थोराड. मिठात आहे, धुण्याच्या सोड्यात आहे, समुद्रभर पडलेला आहे. त्याची बॅटरी जरा जड होते. खिशात घालायची असेल तर अडचण, पण दिवसा उन्हाची वीज साठवून रात्री वापरायची असेल तर ती एका जागी बसून राहणार, मग वजनाचं कुणाला काय? म्हणून सगळे सोडियमच्या मागे लागले आहेत.

हा सोडियम ठेवायला घर लागतं. ते घर म्हणजे आमची काळी पावडर. धुण्याचा सोडा, लोखंडाची आणि मँगनीजची संयुगं आणि आणखी एकदोन गोष्टी एकत्र दळायच्या आणि भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजायच्या. जे निघतं त्याची आतली रचना हुबेहूब चिरोट्यासारखी: पापुद्र्यावर पापुद्रा. सोडियम त्या पापुद्र्यांच्या मधे बसतो. बॅटरी चार्ज केली की तो तिथून निघून समोरच्या कोळशात जाऊन बसतो, वापरली की परत पापुद्र्यांत येतो. हा कोळसा साधा नाही, आम्ही तो नारळाच्या करवंट्या जाळून करतो. सोडियमने आयुष्यभर ये-जा करावी आणि चिरोटा मोडू नये, एवढीच सगळी कला. बाकीचं भाषण.

पहिल्या वर्षी अनीशने एका वाहिनीला मुलाखत दिली. त्यात तो "मिठापासून बॅटरी" असं म्हणाला. अगदी खोटं नव्हतं. आंबा मातीपासून होतो, इतपत ते खरं होतं. आठवड्याभरात सुकापूरहून एक निवृत्त गृहस्थ तणतणत आले. सोसायटीचे सेक्रेटरी होते. मुलाखत पाहून त्यांनी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत चमचा चमचा करून मीठ घातलं होतं.

"साधं घातलंत?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"साधं कशाला घालीन? आयोडिनयुक्त."

त्या बॅटरीतल्या तेजाबात मीठ पडलं की क्लोरीन सुटतो. सगळं कुटुंब खोकत जिन्यावर आलं होतं. बॅटरी गेली ती गेलीच. गृहस्थांचं म्हणणं एवढंच होतं, की तुमच्या साहेबांनी प्रमाण सांगायला हवं होतं. अनीशला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, मेसेज पोचतोय."

तर असा सगळा कारभार. या कारभारात हर्षदा म्हात्रे ही एक बाई अशी होती जिला मेसेजमध्ये रस नव्हता.

हर्षदा ओव्याची. खारघरच्या उंच इमारतींनी जे गाव चारी बाजूंनी वेढून टाकलं, त्यातली. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग काही वर्षं एका औषध कंपनीत, मग इथे. आजोळ उरणकडचं, मामांचं मिठागर होतं. भट्टी आणि पावडर हा विभाग तिचा. हाताखाली चार माणसं. बोलणं मोजकं. आमच्यासारख्यांशी शुद्ध बोलायची, फोनवर आईशी बोलताना "नाय गो" म्हणायची, आणि भट्टीचं तापमान घसरलं की तिसरीच एक भाषा बोलायची, ती छापता येणार नाही.

तिची पावडर उत्तम होती, पण तिला एक खोड होती: ती ओल सोसत नसे. या जातीच्या सगळ्याच पावडरींची ही खोड. हवेतली ओल लागली की पापुद्र्यांमधला सोडियम माहेरी पळाल्यासारखा बाहेर येतो आणि दाण्याच्या अंगावर क्षाराची पुटं चढतात. दिसत काहीच नाही. पण पुढे ती पावडर चिकट द्रावणात कालवायची असते, मग अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सारवायची. क्षार चढलेली पावडर कालवली, की ते कालवण पाकासारखं वाहायचं सोडून खरवसासारखं थिजतं. खरवस सारवता येत नाही. भांड्यासकट टाकून द्यावा लागतो.

आणि आमचा कारखाना कुठे? पनवेलजवळ. खाडी शेजारी, पावसाळा दसऱ्यापर्यंत रेंगाळणारा, बिस्किटाचा पुडा उघडला की चहा होईपर्यंत मऊ. चिरोटा उघड्यावर ठेवायला यापेक्षा वाईट गाव शोधून सापडलं नसतं. म्हणून कालवायचं काम ड्राय रूममध्ये. ही एक बंद खोली. तिच्यात यंत्रं अखंड हवा वाळवत असतात. आत जाताना पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, दुहेरी हातमोजे, आधी एक छोटी मधली खोली, तिचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. आत एका वेळी दोन माणसं, फार तर तीन. कारण खोलीत ओल आणणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे माणूस. प्रत्येक माणूस ही एक चालती किटली आहे, श्वासागणिक वाफ सोडणारी.

या खोलीला आमच्याकडे कुणी ड्राय रूम म्हणत नसे. तिला नाव होतं सोवळ्याची खोली. हे नाव मी ठेवलं होतं. आंघोळ करून, वेगळं नेसून, कुणाला न शिवता आत जायचं म्हणजे दुसरं काय? सगळे हसले आणि नाव रुळलं. "हर्षदा कुठंय?" "सोवळ्यात आहे." अनीशला तर इतकं आवडलं की परदेशी पाहुण्यांना तो त्याचं भाषांतर करून सांगायचा. हर्षदा मात्र शेवटपर्यंत ड्राय रूमच म्हणायची. मला वाटायचं, बाईला विनोदाचं वावडं आहे.

गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता अनीशने बैठक घेऊन सांगितलं, की पावडर स्वतः बनवणं आता परवडत नाही. बाहेरच्या देशातून तयार पावडर पिशव्यांत भरून येते. आपण ती आणू, कालवू, सारवू, वर आपलं नाव लावू.

"मग आपण बनवतो काय?" हर्षदाने विचारलं.

"सोल्यूशन्स," अनीश म्हणाला.

मोबाइल टॉवरसाठी बॅटऱ्या घेणारी एक कंपनी आमच्याकडून नमुने मागत होती. बराच वाद होऊन असं ठरलं, की त्यांना हर्षदाच्या पावडरीचे नमुने जाऊ द्यायचे. कसोटीला उतरले तर भट्टी चालू. नाहीतर भट्टी बंद, विभाग बंद, आणि ती पाच माणसं त्यांच्या त्यांच्या वाटेने. त्याआधीचे दोन घाणे थिजले होते. भट्टीवरची माणसं बॅचला घाणा म्हणतात, चकलीचा असतो तसा. आता एकच घाणा काढण्याइतका वेळ होता. पावडर भट्टीतून निघाली की ताटकळत ठेवता येत नाही, तेव्हा कालवायचा दिवसही ठरून गेला: खंडेनवमी.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अनीशलाही होतं. त्याने त्याच दिवशी कारखान्याचं उद्घाटन ठेवलं.

"उद्घाटन? आपण इथे चालू होऊन किती दिवस झाले!" मी म्हणालो.

"सर, सॉफ्ट लाँच झालं होतं. हे फॉर्मल."

प्रमुख पाहुणे पोशाशेठ. पंचक्रोशीतले वजनदार पुढारी, आणि हे वजन दोन्ही अर्थांनी. ही सगळी वसाहत ज्या शेतांवर उभी आहे त्यातली काही त्यांच्या वाडवडिलांची. कारखान्यांच्या फाटकावर मोर्चे नेण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं आणि त्याच फाटकांवर फिती कापण्यात उतारवय चाललं होतं. बोलावलं नाही तर रागवत, बोलावलं तर चाळीसेक माणसं घेऊन येत.

अनीशची योजना अशी: पोशाशेठ ड्राय रूममध्ये जातील, चालत्या मिक्सरला हळदकुंकू लावतील, तिथेच नारळ फोडतील, फोटो निघेल.

"नारळ? ड्राय रूममध्ये?" हर्षदाने विचारलं.

"पाणी वाटीत धरू ना," अनीश म्हणाला.

मी काचेच्या खिडकीचा पर्याय सुचवला. ड्राय रूमला बाहेरून बघायला मोठी काच आहेच. शेठनी काचेवर हळदकुंकू लावावं, मिक्सर मागे फिरताना दिसेल. अनीशने ऐकून घेतलं. मग म्हणाला, काचेवर फ्लॅश चमकतो.

शेवटी हर्षदाने विचारलं, "घाणा थिजला तर विभाग बंद करायचं ठरलंय ना? मग मुद्दाम थिजवताय का?" अनीश दुखावला. त्याने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. मुद्दाम नुकसान करायला वस्तूकडे नीट बघावं लागतं, तेवढी सवड त्याला नव्हती. तो म्हणाला, ठीक आहे, लेले सरांनी पाहुण्यांना दाराशी समजावावं, ऐकलं तर ठीक.

खंडेनवमीला सकाळी हर्षदा आणि तिचा एक सहकारी आत गेले आणि कालवण सुरू झालं. बाहेर झेंडूची तोरणं, सनई लावलेला स्पीकर, तळोज्याच्या वासावर मात करू पाहणाऱ्या उदबत्त्या. शेठ आले. मागे माणसं, फोटोग्राफर, ताट घेतलेला एक कार्यकर्ता, नारळ घेतलेला दुसरा. हा सगळा लोंढा ड्राय रूमच्या दाराशी आला. दाराशी मी, एकटा, इस्त्रीच्या शर्टात.

"या शेठ," मी हात जोडून म्हणालो. "पूजा इथूनच करू. आत नाही जाता येणार. ही सोवळ्याची खोली आहे."

वाक्य तोंडातून गेलं आणि सनई सोडून सगळे आवाज बंद झाले.

"काय बोललात?" पोशाशेठनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"म्हणजे तसं नाही... आम्ही आपलं गमतीने..."

"नाव काय तुमचा?"

"लेले."

"लेले," शेठ मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, जसं काही पुरावा दाखवत होते. "आयकला? जमीन आमची गेली. सारा आयुष्य मोर्चे काडले. आनि आज आमचेच जमिनीवर लेले आमाला सांगतान, सोवला हाय, भायेर थांबा."

"आमी काय इटाल हाव काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

रसायनशास्त्रावर मी दोन तास बोलू शकतो. पण इथे प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हता. ज्या शब्दाने पिढ्यान्पिढ्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, तो शब्द मी एका मिक्सरच्या खोलीला गमतीने चिकटवला होता, आणि गंमत आहे हे मी एकट्याने ठरवलं होतं. या विषयावरची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. वाचलेलीही आहेत. कपाट दाराशी उपयोगी पडलं नाही.

अनीश धावत आला. "शेठ, गैरसमज! सगळ्यांसाठी ओपन आहे! इन्क्लुझिव्ह आहे आपलं सगळं. चला, सगळे चला आत!" त्याने स्वतः मधल्या खोलीचं दार उघडलं आणि फोटोग्राफरने कॅमेऱ्यासकट त्यात शिरून आतलं दारही किलकिलं केलं. काचेतून मला आतला हवेच्या ओलीचा आकडा दिसत होता. तो चढायला लागला.

तेव्हा फोटोग्राफर उलट्या पावलांनी बाहेर ढकलला गेला आणि त्याच्यामागून एक पांढरी आकृती बाहेर आली. तिने दार पाठीने लावलं, मुखपट्टी खाली ओढली.

"काका," हर्षदा म्हणाली, "सोवलाबिवला काय नाय. लेलेसरांचा शब्दच वंगाल हाय. मी सांगून थकलू."

ती हे मला कधी सांगून थकली होती, आठवेना. मग आठवलं, की ती त्या खोलीला कायम ड्राय रूमच म्हणायची.

शेठ तिच्याकडे बघतच राहिले. झग्याआडून आपली बोली येईल असं त्यांना वाटलं नसावं. "तू कोनाची गो?"

"ओव्याचे बालाराम म्हात्र्यांची नात."

"बालारामाची? मोर्च्यात फुडं असाचा, तो?"

"तोच. आनि काका, तुमचा मिठागर होता ना?"

"होता. बापाचा."

"मिठाची रास लावलेली हाय, वरती पेंढा घातलाय, आनि आबाल भरून आलाय. तवा पावना आला नि बोलला, पेंढा काडा, मना मीठ बघाचा हाय. काडाल?"

"त्याला खाडीत घालीन," शेठ म्हणाले.

"आत माजी रास हाय, काका. पावसाला भिते. आज वली जाली तं आमचा खाता बंद, आमी पाच जना घरी."

शेठनी वर बघितलं. "पन हितं तं पत्रा हाय. आबाल कुठं?"

"तुमी हाव ना. मानसाचे श्वासात पानी असता. एक एक मानूस म्हंजे एक एक ढग."

शेठनी मागे वळून आपल्या चाळीस माणसांकडे पाहिलं आणि गडगडाट करून हसले. "आयकलात? ढग! म्हनून निवडनुकीला गरजताव नि पाऊस नाय पडत." मग चेहरा सरळ करून म्हणाले, "खुर्ची आना रं एक."

खुर्ची आली. शेठनी ती ड्राय रूमच्या दाराला आडवी लावली आणि तिच्यात बसले. हर्षदा आत गेली. दार लागलं.

यापुढचं दृश्य मी कधी विसरणार नाही. फोटोग्राफर दोनदा जवळ आला, दोनदा शेठनी नुसत्या नजरेने मागे पाठवला. मग अनीश आला, कमरेत वाकून.

"शेठ, फक्त दोन मिनिटं. तुम्ही नाही तर मी एकटा जातो, एक फोटो. इन्व्हेस्टर्सना पाठवायचाय."

"तुमी पन ढगच," शेठ म्हणाले.

"मी फाउंडर आहे."

"मंग मोटा ढग."

पूजा काचेवर झाली. फ्लॅश चमकला. नारळ फाटकाशी फुटला. पाणी कुठे सांडलं याकडे शेठ स्वतः लक्ष ठेवून होते. या कारखान्यात करवंटी चालते पण पाणी चालत नाही, हे कळल्यावर त्यांना फार मजा वाटली. "पानी देवाला, करवंटी कंपनीला. नि खोबरा?" असं विचारून त्यांनी खोबरं कार्यकर्त्यांना वाटून टाकलं. जाताना माझ्यासमोर थांबले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या लेले. मास्तर लोकांना सगला माहीत असता, कोनाला बोलताव तेवरा सोडून." मी मास्तर नाही, हे त्यांना सांगितलं नाही. तेवढं ऐकून घेतलं.

घाणा मात्र अजून अधांतरी होता. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली होती, आकडा चढला होता, आणि त्या ओलीने पावडरीला कितपत धरलंय हे कालवण रात्रभर मुरल्याशिवाय कळणार नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही काचेबाहेर उभे. सोनं वाटायला आणलेली आपट्याची पानं सगळ्यांच्या हातात तशीच. हर्षदाने आत भांड्याचं झाकण काढलं, लांब दांड्याचं उलथणं आत बुडवलं आणि वर उचललं.

खरवस असता तर गोळा वर आला असता. काळी, चकचकीत, अखंड धार उलथण्यावरून भांड्यात पडत राहिली, आईने साखरेचा पाक उचलून बघावा तशी. हर्षदाने पुन्हा उचललं. पुन्हा धार. मग तिने आमच्याकडे वळून, हातमोज्यांसकट, वरातीत नाचतात तसं बोट नाचवून जे केलं ते प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसणारं नव्हतं.

पत्रे सारवले, बॅटऱ्या झाल्या, चार्ज करायच्या नि उतरवायच्या चाचण्या महिनोन्महिने चालल्या. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या रसायनशास्त्रात सांगण्यासारखं काही घडत नाही, तेच त्याचं यश. पापुद्रे टिकले.

मग टॉवर कंपनीकडून तपासणीला नायरबाई आल्या. बुटक्या, कापसाची साडी, पायात बूट, चेहऱ्यावर काही नाही. हिंदीमिश्रित मराठी बोलायच्या. आकडे बघितले, भट्टी बघितली, करवंट्यांचा ढीग बघितला. अनीश सोबत पन्नास स्लाइड घेऊन चालत होता. ड्राय रूमशी आल्यावर बाई म्हणाल्या, "अंदर बघायचं आहे मला."

"अर्थात!" अनीश म्हणाला. "प्लीज. हर्षदा, मॅडमना आत घे."

आत त्या वेळी घाणा चालू होता.

"नाही," हर्षदा म्हणाली.

"हर्षदा."

"काम चालू आहे. काचेतून बघा. उद्या सकाळी खोली रिकामी असेल, तेव्हा झगा घालून एकट्या या, सगळं दाखवते."

अनीशच्या चेहऱ्याचा रंग मी धंद्यात बरीच वर्षं विकलेल्या एका पिवळ्याच्या जवळ गेला. "सॉरी मॅडम, शी इज अ बिट... टेक्निकल."

नायरबाईंनी काचेतून आत पाहिलं. भिंतीवरचा आकडा पाहिला. मग पर्स उघडून पेन काढलं. "इस महिन्यात तीन फॅक्टरी बघितल्या," त्या म्हणाल्या. "तीनों जगह मला सरळ आत नेलं. एकाने तर चहा पण आतच दिला. बिस्किटासकट." त्या जरा थांबल्या. "मी विचारते, ते बघायलाच विचारते. नाही म्हणणारी ही पहिली."

ऑर्डर आली. मोठी नाही, पण भट्टी चालायला पुरेशी. तयार पावडरीच्या पिशव्यांचा विषय निघेनासा झाला. हर्षदाच्या हाताखाली आता सात माणसं आहेत. दारावर तिने स्वतः पाटी लावली, साधी: ड्राय रूम. माझा शब्द कारखान्यातून गेला, आणि तो जाताना मला कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं.

अलीकडे मुंबईत एका मोठ्या परिषदेत अनीशचं भाषण झालं. मी आणि हर्षदा मागच्या रांगेत होतो. विषय होता गुणवत्तेची संस्कृती. त्याने सांगितलं, की कंपनीत पहिल्या दिवसापासून एक कडक नियम आहे: ड्राय रूममध्ये पाहुण्यांना प्रवेश नाही, मग तो मंत्री असो की मालक. "आमच्याकडे 'नाही' म्हणणं हे ट्रेनिंगमध्येच शिकवलं जातं," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मागच्या पडद्यावर त्या नियमाची स्लाइड होती आणि स्लाइडवर पानभर फोटो: ड्राय रूमच्या आत, मिक्सरला रेलून, मुखपट्टी नाही, टोपी नाही, हसतमुख उभा असलेला अनीश.

"हा कधी गेला होता आत?" मी कुजबुजलो.

दुसऱ्या दिवशी हर्षदाने दाराच्या कुलपाचे आकडे बदलले. अनीशला ते अजून कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. आत जायचं त्याला आता काही कारणच उरलं नाही. फोटो आहे.